अक्कांची डबी आणि माझी डबी



गेल्या चातुर्मासात आमच्या घरात डोळ्यांच्या गोळ्यांच्या दोन डब्या होत्या. माझी फ्रीजवर, निम्मी संपलेली. थोरल्या जाऊबाईंची, म्हणजे अक्कांची, त्यांच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली, सीलसुद्धा न फोडलेली. मी ज्या गोळ्या सव्वादोन वर्षं नेमानं गिळत होते त्यांचा माझ्या डोळ्यांना काही उपयोग नव्हता, आणि अक्कांना ज्यांचा उपयोग होता त्या त्यांनी तोंडात घातल्या नव्हत्या. कसं झालं ते सांगते.

अक्का ७४ वर्षांच्या. आमच्या बस्तीत दुपारी बायकांचा स्वाध्याय चालतो, तिथं वीसएक वर्षं वाचन त्याच करतात. मागच्या श्रावणात त्या वाचताना मधला एखादा शब्द गाळायला लागल्या. आम्हाला वाटलं, दमल्या असतील. मग एकदा खिडकीपाशी तांदूळ निवडत बसल्या असताना म्हणाल्या, "अगं, हे खिडकीचे गज मधेच वाकल्यासारखे दिसतायत बघ." गज सरळ होते. मी शहाणी म्हटलं, "नंबर बदलला असेल, दिवाळीनंतर दाखवू." ते दोन महिने माझ्या खात्यावर.

डॉक्टरांनी पडद्याचा फोटो काढून समजावलं. डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग असतो, त्याला मॅक्युला म्हणतात. वाचायला, सुई ओवायला, समोरच्याचा चेहरा ओळखायला तोच लागतो. वय झालं की काहींचा तो झिजतो. अक्कांच्या उजव्या डोळ्यात हा आजार बळावला होता, त्याला 'ओला' प्रकार म्हणतात. पडद्याखाली नको तिथं नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि पाझरतात. त्यावर डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतात, आणि जितकी लवकर तितकं बरं. सरळ रेषा वाकडी दिसणं ही त्याची खूण. दिवाळीची वाट बघायची ती गोष्टच नव्हे. डाव्या डोळ्यात अजून 'कोरडा' प्रकार, मधल्या अवस्थेतला. पडद्याखाली पिवळट ठिपके साचलेले. डॉक्टर म्हणाले, "उजव्याला इंजेक्शन. डाव्यासाठी ही गोळी. हिनं नजर वाढणार नाही, पण डावाही उजव्याच्या वाटेनं जायची शक्यता थोडी कमी होते."

आपल्या घरात बाईला डोळे किती लागतात ते तुम्हाला सांगायला नको. पाणी गाळायचं, धान्य निवडायचं, प्रत्येक शेंग उघडून आत अळी नाही ना बघायची, पाऊल टाकताना खाली बघायचं. या आजारात बाजूचं दिसत राहतं, मधलं जातं. अक्कांना दाराची चौकट दिसायची, पण तांदळातला किडा दिसायचा नाही. त्या दिवसांत त्यांनी हळूहळू स्वयंपाकघरात येणंच सोडलं. आम्ही समजलो, बरं झालं, आता आराम करतायत. खूप नंतर त्या म्हणाल्या, "नीट दिसत नाही, तर माझ्या हातून काय काय शिजेल ते मला कसं कळणार?"

इंजेक्शनांची फाईल शोधताना ती डबी माझ्या हाताला लागली. तीन महिन्यांपूर्वीची.

"अक्का, ही घेतलीच नाहीत?"

"जिलेटिनची आहे ती. हाडाकातड्याची. उजेडात धरून बघ, कशी चमकते."

"मग सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मिळून घ्यायला लावली असती."

खरंच लावली असती. मी गप्प बसले आणि डबीवरचं बारीक अक्षर वाचायला लागले. मग स्वतःची डबी आणून शेजारी ठेवली. दोन्हीवर एकाच अमेरिकन प्रयोगाचं नाव होतं. तेव्हा ठरवलं की हा प्रयोग काय ते एकदा मुळातून बघायचं. बी.कॉम.ला सांख्यिकी होती, चाळीस वर्षांत तिचा उपयोग फक्त भिशीला झाला होता.

तर ऐका. अमेरिकेत नॅशनल आय इन्स्टिट्यूट ही सरकारी संस्था आहे. तिनं १९९२ मध्ये एक मोठी चाचणी सुरू केली. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'आरेड्स' म्हणतात. ११ केंद्रांवर मिळून ५५ ते ८० वर्षांची ४,७५७ माणसं. आजाराच्या भागात त्यांचे चिठ्ठी टाकल्यासारखे चार गट केले. एका गटाला क आणि ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन, दुसऱ्याला जस्त म्हणजे झिंक, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला दिसायला तशीच पण आत औषध नसलेली कोरी गोळी. कोणाला कुठली मिळतेय ते घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. सरासरी सहा वर्षांच्या वर असं चाललं. निकाल ऑक्टोबर २००१ मध्ये आला.

ज्यांचा आजार मधल्या अवस्थेत होता, किंवा अक्कांसारखा एका डोळ्यात बळावला होता, त्यांच्यापुरते आकडे असे. पाच वर्षांत आजार पुढच्या टप्प्याला जायची शक्यता कोऱ्या गोळीवाल्यांत शंभरात २८. नुसती जीवनसत्त्वं घेणाऱ्यांत २३, नुसतं जस्त घेणाऱ्यांत २२, दोन्ही घेणाऱ्यांत २०.

डबीवर छापतात 'धोका सुमारे २५ टक्के कमी'. खोटं नाही ते. पण शंभर अक्का डोळ्यांपुढे आणा. पाच वर्षांत ७२ जणींचं गोळी न घेताही तसंच राहणार होतं. २० जणींचं गोळी घेऊनही बिघडलं. फरक पडला तो आठ जणींना. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आठच?" मी म्हटलं, "एक डोळा गेलेल्या बाईला दुसऱ्या डोळ्यासाठी आठ म्हणजे पुष्कळ."

आता माझी डबी. ज्यांना हा आजार नाही किंवा अगदी सुरुवातीचा आहे, त्यांच्यात या गोळीचा फायदा दिसलाच नाही. आणि मी ती कशासाठी घेत होते? मोतीबिंदूसाठी! चष्म्याचा नंबर काढताना 'मोतीबिंदूची सुरुवात आहे' असं ऐकलं. त्याच आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी पाठवलं की या गोळीनं मोतीबिंदू विरघळतो, मैत्रिणीच्या आईचा विरघळला. ना कोणाला विचारलं, ना काही. दुकानातून डबी आणली. महिन्याला ७५० रुपये, २७ महिने, म्हणजे २०,२५०. घरात मिरच्या महाग झाल्या तर भांडणारी मी.

त्याच आरेड्समध्ये मोतीबिंदूही तपासला होता, या जीवनसत्त्वांचा त्यावर काही परिणाम नाही. म्हणाल, ते अमेरिकन लोक, त्यांचं खाणं वेगळं. मलाही तसंच वाटलं होतं. पण आपल्याकडे मदुराईजवळच्या खेड्यांतही अशी चाचणी झाली आहे. सुमारे ८०० माणसं, मोतीबिंदूचं वय यायच्या आधीची, पाच वर्षं बीटा कॅरोटीन आणि क, ई जीवनसत्त्वं. २००६ मध्ये निकाल छापून आला. मोतीबिंदू कोऱ्या गोळीवाल्यांचा जसा वाढला तसाच यांचाही. मोतीबिंदूला ऑपरेशन हाच उपाय, मी मार्गशीर्षात करून घेतलं.

आणि ही गोळी अगदी निरुपद्रवी असते असंही नाही. मूळ चाचणीत जस्त होतं दिवसाला ८० मिलिग्रॅम. अमेरिकेत बायकांना रोज ८ मिलिग्रॅम सांगतात, म्हणजे दहापट. इतकं जस्त गेलं की शरीरातलं तांबं कमी पडतं, म्हणून त्याच गोळीत तांबंही घालावं लागतं. जस्तवाल्या गटात लघवीच्या तक्रारींसाठी दवाखान्यात भरती होणारे जास्त निघाले. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं. मला रोज सकाळी मळमळायचं, मी पित्त समजून कोकम सरबत पीत होते.

हे सगळं चाललेलं असताना एका लग्नात आमच्या नात्यातल्या एक बाई अक्कांच्या तोंडावर म्हणाल्या, "तुम्ही जैन लोक गाजर खात नाही, मग डोळे जाणारच." अक्का काही बोलल्या नाहीत, पण घरी आल्यावर दोन दिवस जेवल्या नाहीत धड. तर त्याबद्दलही बघितलं. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ते फारच कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, हे खरं. पण अक्कांचा आजार निराळा. आणि बीटा कॅरोटीनची गोष्ट पुढे भलतीकडेच गेली. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी केली होती, याच्या गोळीनं फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल या आशेनं. १९९४ मध्ये निकाल आला तर गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली. गाजर खाऊन असं होतं, असं कोणी म्हणत नाही. पण गोळी म्हणजे गाजर नव्हे, एवढं मला त्यातून कळलं.

म्हणून आरेड्सची दुसरी चाचणी झाली, २००६ पासून, ८२ केंद्रं, ४,२०३ माणसं. निकाल २०१३ चा. यात बीटा कॅरोटीन काढून त्याच्या जागी ल्युटीन आणि झिॲक्सँथिन घालून बघितलं. ज्यांच्या गोळीत बीटा कॅरोटीन ठेवलं होतं त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर शंभरात दोघांना, ज्यांच्यात नव्हतं त्यांच्यात शंभरात एकाहूनही कमी. आणि कॅन्सर झालेले बहुतेक जण पूर्वी सिगारेट ओढून सोडलेले. माझ्या मामेभावानं तीस वर्षं ओढून सोडली आहे. त्याला रात्री साडेनऊला फोन करून डबी वाचून दाखवायला लावली. जुनं सूत्र होतं, बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून बदलली. तुमच्याही घरात कोणी ओढत असेल किंवा पूर्वी ओढत असेल, तर लेख नंतर वाचा, आधी डबी बघा.

त्याच चाचणीत ओमेगा-३ म्हणजे माशाच्या तेलातले घटकही तपासले. आजार अडवण्यात त्यांची काही भर पडली नाही. हे वाचल्यावर मला इतका आनंद झाला की ग्रुपवर टाकणारच होते, 'बघा, माशाची गरज नाही, विज्ञानानं सिद्ध केलं'. ह्यांनी हात धरला. म्हणाले, "तपासली कॅप्सूल. मासे खाणाऱ्यांना काय होतं ते यात कुठे आलंय?" खरं होतं. मासे खाणाऱ्यांत हा आजार कमी आढळतो असं दाखवणाऱ्या पाहण्या आहेतच. मग नाही टाकलं. आपला नियम आपण डोळ्यांच्या फायद्यासाठी घेतलेला नाही, तर त्याला अमेरिकेची पावती कशाला जोडायची.

पण एक गोष्ट सुनेला सांगितली. ती दिवसभर कॉम्प्युटरवर असते, डोळे कोरडे पडतात, ऑफिसातली मैत्रीण माशाच्या तेलाची कॅप्सूल घे म्हणून मागे लागलेली. कोरड्या डोळ्यांसाठी अमेरिकेत ५३५ जणांवर वर्षभर हेच तपासलं, २०१८ मध्ये छापलं. एका गटाला रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३, दुसऱ्याला ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे कोरी गोळी असली तरी आपण काहीतरी घेतोय, कोणी नियमित तपासतंय, एवढ्यानं माणसाला बरं वाटतं. मैत्रिणीच्या आईचा मोतीबिंदू असाच विरघळला असणार.

ल्युटीनचं मात्र आपल्या कामाचं आहे. सगळ्यांचे आकडे मिळून पाहिले तर मूळ गोळीत ते वाढवल्यानं जास्तीचा फायदा दिसला नाही. पण ज्यांच्या जेवणात ते सगळ्यांत कमी होतं, त्यांना झालेला दिसला. ते असतं कशात? पालक, मेथी, हिरव्या पालेभाज्या. आणि आपण चातुर्मासात पालेभाजी सोडतो, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं काहीच नाही. अक्का तर बारा महिने पालेभाजी खात नाहीत, कितीही निवडली तरी पानामागे जीव राहतो म्हणून. मी नियम मोडा म्हणत नाही. मका, मटार, लाल भोपळा यांतही हे घटक असतात, आणि तेला-तुपाबरोबर ते अंगी जास्त लागतात. आमच्याकडे आता तिथी सोडून आठवड्यातून दोनदा मक्याची उसळ होते, वर चमचाभर तूप.

मग राहिली गोळी. मी हिशेबाच्या वहीत रकाने आखले. पहिल्या रकान्यात चाचणीतले आकडे: क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई ४०० युनिट, ल्युटीन १०, झिॲक्सँथिन २, जस्त ८०, तांबं २. पुढे बाजारातल्या सात डब्या. सातांपैकी दोनच या आकड्यांच्या जवळ गेल्या. बाकीच्यांत ल्युटीन निम्मं, जस्त नावाला, वर द्राक्षाच्या बियांचा अर्क वगैरे, आणि तरी पुढे चाचणीचं नाव ठळक छापलेलं. जस्ताचं म्हणाल तर दुसऱ्या चाचणीत ८० च्या ऐवजी २५ देऊनही बघितलं, लक्षात घेण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून अक्कांसाठी कमी जस्ताची घेतली. ती साधी दाबलेली गोळी आहे, जिलेटिनचं कवच नाही. तरी तिच्यात मॅग्नेशियम स्टिअरेट होतं, ते वनस्पतीचंही असतं आणि प्राण्यांच्या चरबीचंही. कंपनीला ईमेल केला. तिसऱ्या ईमेलला उत्तर आलं, वनस्पतीचं.

मी विजयी मुद्रेनं अक्कांपुढे गेले. त्यांनी विचारलं, "आणि ते ल्युटीन कशातून काढतात?"

झेंडूच्या पाकळ्यांतून काढतात. त्यासाठी कर्नाटकात झेंडूची शेतीच्या शेती असते.

"फूल आपण खातो का?"

मी डोक्याला हात लावला. शेवटी त्या आठवड्यात गावात आर्यिका माताजी होत्या, त्यांच्याकडे गेलो. मी वहीसुद्धा नेली होती. माताजींनी सगळं ऐकून घेतलं आणि अक्कांना एवढंच विचारलं, "चालताना तुम्हाला मुंगी दिसते का?" अक्का म्हणाल्या, डाव्या डोळ्यानं दिसते. माताजी म्हणाल्या, "मग तो डोळा कोणाकोणासाठी आहे ते बघा, आणि तुमचं तुम्ही ठरवा." घ्या असं त्या म्हणाल्या नाहीत, घेऊ नका असंही नाही. परतताना रिक्षात अक्का काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी जेवण झाल्यावर, सूर्य मावळायच्या आत, स्वतःच पाणी मागून गोळी घेतली.

आता फ्रीजच्या दारावर चौकटीचा कागद लावला आहे, मधे काळा ठिपका. रोज सकाळी देवदर्शनाहून आलं की अक्का चष्मा लावून एक डोळा झाकतात, ठिपक्याकडे बघतात आणि रेघा सरळ आहेत का ते सांगतात. मी पण बघते, मला काही झालेलं नसलं तरी. स्वाध्यायाला वाचन आता धाकट्या बायका आळीपाळीनं करतात, अक्का चुका काढतात. उजव्या डोळ्याला आतापर्यंत सात इंजेक्शनं झाली, मधला धूसर डाग आहे तसाच आहे.

मागच्या महिन्यात डाव्याचा फोटो काढला. मागच्यासारखाच, बदल नाही. मी खुश होऊन म्हटलं, "बघा अक्का, गोळीचा गुण!"

"त्या बहात्तर जणींतली मी असेन, तर?" अक्का म्हणाल्या. हिशेब त्यांना माझ्याहून चांगला कळतो. "गोळीनं राहिला का आपोआप राहिला, हे कळायला कोरी गोळी घेणारी माझी एक जुळी बहीण हवी होती."

मग थोडा वेळ थांबून विचारलं, "त्या तिकडच्या कोऱ्या गोळ्यावाल्या बायका, त्यांना शेवटी सांगितलं का गं, की तुमच्या गोळीत काही नव्हतं?"

मी म्हटलं, निकाल लागल्यावर त्यांनाही खरी गोळी देऊ केली. अक्कांनी मान हलवली आणि डबी कपाटात ठेवायला गेल्या. साड्यांच्या खाली नाही, पुढच्या कप्प्यात, जपमाळेशेजारी. पुढची तपासणी अक्षय्य तृतीयेनंतर आहे.